साहेबाचं 'टुम' आणि खऱ्या माणसाचा 'बतातावडा': नट परकी बोली कुठून आणतात?

तिसरी घंटा

बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आज लिहायला घेतला आहे. नट दुसऱ्या देशाच्या माणसाची भूमिका करतो, तेव्हा त्या माणसाचं बोलणं तो कुठून आणतो? कधी ते बोलणं मनात घर करतं, तर कधी भातात खडा लागावा तसं टोचतं. असं का होतं?

आधी माझी गोष्ट सांगतो. कॉलेज संपल्यावर राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या गावच्या हौशी संघाच्या नाटकात मी इंग्रज कलेक्टर केला होता. उंची आणि गोरा रंग बघून भूमिका माझ्याकडे आली. बोलण्यासाठी दिग्दर्शकांनी एकच नियम दिला: 'त' दिसला की 'ट' म्हणायचं, 'द' दिसला की 'ड', आणि क्रियापद चुकवायचं. 'टुमी काय करटे?' प्रयोगाला प्रत्येक वाक्यावर हशा आला. मला वाटलं, साहेब जमला.

पुढे नोकरीनिमित्त चाकणला एका कारखान्यात होतो. तिथे इंग्लंडहून एक इंजिनियर दोन वर्षांसाठी आमच्या विभागात आला. त्याला मराठी शिकायची मनापासून हौस. कँटीनच्या मावशी, शिफ्टमधली पोरं आणि रोजचा ड्रायव्हर, एवढीच त्याची शाळा. त्याची एक लकब आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. 'ताक' म्हणायच्या आधी तो क्षणभर थांबायचा. जीभ वरच्या दातांना टेकलेली समोरच्याला स्पष्ट दिसायची. मग जपून, सावकाश, 'ताक'. अगदी बरोबर. मावशी खूश. पण ती जीभ एकदा दातांपाशी जाऊन बसली की तिथून हलायला तयार नसे. लगेच पुढचं वाक्य यायचं, 'मावशी, एक बतातावडा.' शेवटचा 'ड' कसा कोण जाणे नीट यायचा, पण डब्याचा 'दबा' आणि पाटीची 'पाती' ठरलेली.

माझ्या कलेक्टरच्या तोंडून 'बतातावडा' कधीच आला नसता. मी चुकीचं बोलायचं म्हणून बोलत होतो. हा माणूस बरोबर बोलायचं म्हणून बोलत होता, आणि त्या धडपडीतून ज्या चुका मागे उरत, ती त्याची बोली होती. परक्या भाषेत तोंड उघडणारा कुणीही चुकण्यासाठी तोंड उघडत नाही. नटाने चूक पाठ केली की फक्त चूकच ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

ही गोष्ट लक्षात आल्यापासून मी पडद्यावरची कामंही तशीच ऐकायला लागलो. १९८३च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला 'गांधी'चा बेन किंग्जली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री 'सोफीज चॉइस'ची मेरिल स्ट्रीप. दोघांनीही परक्या देशाचं माणूस उभं केलं होतं. स्ट्रीप अमेरिकन, सोफी पोलंडची, युद्धातून वाचून ब्रुकलिनला आलेली. या भूमिकेसाठी स्ट्रीप आधी पोलिश शिकली. म्हणून सोफी इंग्रजी बोलताना एखाद्या शब्दापाशी अडते तेव्हा वाटतं, की तो शब्द पोलिशमध्ये तिच्याजवळ आहे, फक्त इंग्रजीतला हाताला लागत नाहीये. किंग्जलीचं मूळ नाव कृष्ण भानजी, वडील गुजराती वंशाचे, पण तो वाढला इंग्लंडमध्ये. गांधीजी लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले, त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं नव्हतं. किंग्जलीनेही ते मोडलं नाही. त्याच्या शेजारी आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. कस्तुरबांच्या कामासाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

आणि आता ज्यांच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, ते टॉम ऑल्टर. मसुरीत १९५० साली जन्म, अमेरिकन मिशनरी घराणं, शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. हिंदी आणि उर्दू इतकी सुरेख की रंगमंचावर मौलाना आझाद त्यांनी एकट्याने उभे केले. 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) त्यांचा कॅप्टन वेस्टन जनरल उट्रमला अवधच्या नवाब वाजिद अली शाहची कविता उर्दूत ऐकवतो. त्याचा आब बघा. पण बाकीच्या कित्येक हिंदी चित्रपटांनी त्यांच्याकडून काय घेतलं? गोरा चेहरा आणि 'टुम हिंडुस्टानी लोग'. ज्या माणसाचे उच्चार सेटवरच्या निम्म्या लोकांपेक्षा शुद्ध, त्याला स्वतःची जीभ बिघडवून बोलायला लावलं. २०१७ साली ते गेले. तेव्हा मला माझा कलेक्टर आठवला आणि वाईट वाटलं.

तुम्हाला कुणाचं काम खरं वाटलं, कुणाचं खटकलं, ते जरूर लिहा.

खडीसाखर

'बतातावडा' वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शेजारी एक जपानी कुटुंब राहायचं. त्यातल्या ताई 'काळजी घ्या' म्हणताना प्रत्येक वेळी मान खाली घालून आधी मनात म्हणून बघायच्या. लिहा अजून, वाचते आहे.

ध्वनिवेडा

उत्तम धागा. थोडी तांत्रिक भर घालतो.

मराठीत जिभेच्या टोकाच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. 'त'ला जीभ दातांना टेकते, 'ट'ला ती मागे वळून टाळूकडे जाते. इंग्रजीचा टी या दोन्हींच्या मधला. जीभ दातांच्या वर, हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. इंग्रज माणसाच्या कानात या सगळ्यासाठी एकच खण आहे, आपल्या कानात दोन. त्याचा मधला आवाज आपल्याकडे आला की आपला कान तो उचलून 'ट'च्या खणात टाकतो. म्हणून आपण टेबल, टॅक्सी, डॉक्टर, लंडन असं लिहितो.

म्हणजे साहेब खरं तर 'टुम' म्हणतच नसतो. तो त्याचा मधलाच आवाज काढतो, 'टुम' आपल्याला ऐकू येतं. आपला नट जीभ पूर्ण मागे वळवून घसघशीत मराठी 'ट' काढतो, तो तर कुठल्याच इंग्रजाला जमणार नाही! आपण साहेबाची नक्कल म्हणून जे करतो, ती आपल्याच कानाची नक्कल असते.

आणि तुमच्या इंजिनियरने जे केलं त्याला भाषाविज्ञानात अतिशुद्धी म्हणतात. नियम शिकला, मनापासून पाळला, आणि नको तिथेही पाळला. शिकणारा मन लावून शिकतोय याची ती खूण आहे. पाठ करून बोली उचलणाऱ्या नटात ती जवळजवळ कधीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट लय. इंग्रजीत जोर असलेलं अक्षर लांबतं आणि बाकीची त्याच्या सावलीत चेपली जातात. आपण प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. परदेशी नट भारतीय माणूस करतात तेव्हा 'र' आणि 'ट' घोटून येतात, पण ही लय सोडून देतात. म्हणून ते बोलणं झोपाळ्यावर बसल्यासारखं वर-खाली होत राहतं.

दर्यावर्दी

गोव्याहून लिहितो आहे. ध्वनिवेडा, तुमच्या खणांवरून एक गंमत सुचली. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीज. आणि पोर्तुगीजांचा त दातांचा, म्हणजे त्यांच्या तोंडी तो 'बताता'च! त्याचा 'बटाटा' आपण केला. तुमचा इंग्रज इंजिनियर नकळत मूळ उच्चाराच्या जवळ जाऊन पोचला होता.

विषय निघालाच आहे तर फादर थॉमस स्टीफन्सचं नाव घेतलंच पाहिजे. इंग्लंडचा माणूस, १५७९ साली गोव्यात उतरला, तिथल्याच साष्टीत राहिला आणि मराठीत हजारो ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. कोंकणीचं व्याकरणही त्याने लिहिलं. रोमी कोंकणीत आजही 'ट' लिहायला टी हे अक्षर दोनदा लिहितात, 'ड'ला डी दोनदा. स्वतःच्या कानाला एकच खण आहे, हे ओळखून मुद्दाम दुसरा खण करून घेतलेल्या लोकांची ही लिपी. मराठी बोलणारा इंग्रज म्हटला की आपल्याला नाटकातला 'टुम'वाला आठवतो. मला हा ओवीकार आठवतो. त्याचं बोलणं कसं असेल, हा विचार पुष्कळदा मनात येतो.

आजोळ

लेख आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

तिसरी घंटा, तुमचीच कसोटी तुमच्याच उदाहरणाला लावून बघा. 'गांधी'त बा आणि बापू घरात एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. खऱ्या आयुष्यात ते गुजरातीत बोलत असणार. म्हणजे तिथे त्यांची मातृभाषाच चालू आहे, इंग्रजी ही फक्त प्रेक्षकाची सोय. मातृभाषेत कुणाची धडपड होत नाही. मग त्या प्रसंगात भारतीय लहेजा कशाला हवा?

म्हणूनच मला २०१९ची 'चेर्नोबिल' मालिका पटली. सगळी पात्रं सोव्हिएत, नट बहुतेक ब्रिटिश, आणि त्यांनी रशियन लहेजा आणलाच नाही. आपापल्या साध्या इंग्रजीत बोलले. पाच मिनिटांत ते परके आहेत हे मी विसरलो, कारण एकमेकांसाठी ते परके नव्हतेच. 'द डेथ ऑफ स्टालिन'मध्ये तर मार्शल झुकॉव्ह उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या बोलीत गर्जतो, आणि त्यावरूनच कळतं की हा दरबारी माणूस नव्हे, रांगडा सैनिक आहे.

याहून सुंदर युक्ती 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मध्ये (१९९०) आहे. पाणबुडीवर सुरुवातीला रशियन संवाद चालतात. मग एक अधिकारी पुस्तकातून वाचत असताना कॅमेरा हळूहळू त्याच्या ओठांजवळ जातो. एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच, आर्मागेडन. त्या शब्दावर रशियन संपतं, इंग्रजी सुरू होतं आणि कॅमेरा मागे येतो. पुढे शॉन कॉनरी आपल्या स्कॉटिश बोलीत सोव्हिएत कप्तान करतो आणि त्याचं काही वाटत नाही. प्रेक्षकाशी करार झालेला असतो.

माझ्या मते नटाने भूमिका करावी, बोलीच्या मागे लागून अर्धी ताकद घालवू नये.

तिसरी घंटा

आजोळ, घरातल्या प्रसंगांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. मी मातृभाषा आणि शिकलेली भाषा यांची गल्लत केली. पात्र स्वतःच्या भाषेत बोलत असेल तर लहेजा नको. परक्या भाषेत बोलत असेल तर मात्र त्या भाषेशी त्याचं नातं दिसलंच पाहिजे. सोफी ब्रुकलिनमध्ये खरोखरच इंग्रजी बोलते आहे. गांधीजी व्हाइसरॉयसमोर खरोखरच इंग्रजी बोलत आहेत. तिथे बोली काढून टाकली तर अर्धं पात्र जाईल.

'गांधी'च्या घरातल्या प्रसंगांना मात्र एक सवलत देईन. एकच माणूस एका प्रसंगात एका लहेजात आणि दुसऱ्यात दुसऱ्याच लहेजात बोलला असता, तर प्रेक्षक गोंधळला असता. तिथे तडजोड करावी लागली असणार.

मेपलचं पान

मी टोरांटोत असते. मूळची डोंबिवलीची, लग्नानंतर सव्विसाव्या वर्षी इकडे आले. हौस म्हणून इथल्या छोट्या नाट्यगटात आणि अधूनमधून जाहिरातींत कामं करते. तुमचा टॉम ऑल्टरबद्दलचा परिच्छेद मी तीनदा वाचला, कारण ते मी भोगलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका मालिकेत दुकानदार बाईच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेले. तीन वाक्यं होती. मी माझ्या नेहमीच्या इंग्रजीत म्हटली. मी डोंबिवलीत मराठी शाळेत शिकलेली बाई; माझं इंग्रजी भारतीय नसेल तर कुणाचं असेल? समोरून अगदी गोड आवाजात विचारणा झाली, 'थोडं अजून भारतीय करता येईल का?'

त्यांना काय हवंय ते मला ठाऊक होतं. हँक अझारियाने 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला दिलेला आवाज. 'द पार्टी'त (१९६८) पीटर सेलर्स या इंग्रज नटाने केलेल्या बक्षीचा आवाज. इथल्या लोकांच्या कानात भारतीय माणूस म्हणून तोच बसला आहे. मी तो काढला आणि काम मिळालं. भाग लागला तेव्हा माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, 'आई, तू अशी कुठे बोलतेस?' मला तिला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या वेळी तशीच मागणी झाली तेव्हा मी माझ्या बाबांचं इंग्रजी काढलं. ते रेल्वेत कारकून होते. साहेबाला अर्ज लिहून लिहून शिकलेलं त्यांचं इंग्रजी. 'काइंडली'शिवाय वाक्य सुरू व्हायचं नाही. 'डे-व्ह-लप-मेंट' म्हणताना प्रत्येक अक्षर तराजूत घातल्यासारखं सारख्या वजनाचं. कुठेही घाई नाही, कुठेही हेल नाही. ध्वनिवेडा म्हणतात ती लय हीच असावी. ती भूमिका मला मिळाली नाही. पण घरी येताना मी बाबांना फोन केला आणि अर्धा तास बोलले.

अपूबद्दल इकडे बरीच चर्चा झाली. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ साली त्यावर माहितीपट केला, आणि २०२० साली अझारियाने तो आवाज देणं थांबवलं. काही जणांना तो अतिरेक वाटला. मला वाटला नाही. शाळेच्या बसमध्ये ज्या मुलांना तो आवाज काढून दाखवला जातो, त्यांच्या आयांना विचारा.

खडीसाखर

मेपलचं पान, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

माळव्यातला

मी इंदूरचा मराठी माणूस. आमच्या पाच पिढ्या इकडे झाल्या. या विषयात एका गोडबोल्यांची आठवण काढायलाच हवी.

ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीतले प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण, म्हणजे आपले मराठी. कादंबरीच्या शेवटच्या भागात, गोकुळाष्टमीच्या उत्सवात, ते तुकारामाचं नाव घेत भजनात तल्लीन झालेले दिसतात. हे फॉर्स्टरने हवेतून आणलेलं नाही. १९२१ साली तो देवास थोरली पाती या संस्थानाच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. मराठ्यांच्या दरबारातली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिलेली. देवास आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा आपुलकी आहे.

डेव्हिड लीनने १९८४ साली त्यावर चित्रपट काढला तेव्हा डॉ. अझीझ झाला व्हिक्टर बॅनर्जी, आणि गोडबोले झाले इंग्रज नट सर अ‍ॅलेक गिनेस. मोठा नट, शंकाच नाही. पण काळा रंग फासलेला तो चेहरा आणि ते हळुवार, गूढ बोलणं ऐकताना मी खुर्चीत अस्वस्थ झालो. बॅनर्जी बोलतो तेव्हा एक तरुण, उतावळा, इंग्रजांना खूश करायला धडपडणारा डॉक्टर दिसतो. गिनेस बोलतो तेव्हा 'पौर्वात्य ज्ञानी' नावाची एक कल्पना बोलते. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात इंग्रजीतून शिकवलं, त्याच्या इंग्रजीत खडूची धूळ असायला हवी. हजेरी घेतल्याचा ठसका असायला हवा. मी ज्या मराठी प्राध्यापकांकडे शिकलो, ते इंग्रजी बोलायला लागले की आवाज चढायचा, कमी व्हायचा नाही.

त्या काळात श्रीराम लागूंसारखा माणूस हयात होता, 'गांधी'त गोखले करून मोकळा झालेला. गोडबोल्यांसाठी मुंबई-पुण्यात नट नव्हता, हे कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.

उंबरठा

गोडबोले म्हणताच दुसरी गोडबोले आठवली! 'इंग्लिश विंग्लिश'ची (२०१२) शशी गोडबोले. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याची, पण शशी केली श्रीदेवीने. तिची मातृभाषा मराठी नाही, हिंदीही नाही. सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांत तर तिचा आवाजही दुसऱ्यांचा असायचा. परक्या भाषेत उभं राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानातला प्रसंग आठवा. काउंटरपलीकडची बाई भराभरा प्रश्न विचारते, मागे रांग खोळंबली आहे, आणि शशीच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहतं. तिसरी घंटा म्हणतात ती 'बरोबर बोलायची धडपड' याहून स्पष्ट मी कुठे पाहिलेली नाही. ती चुकली म्हणून मला रडू आलं नाही. ती चुकू नये म्हणून किती जपत होती, ते बघून आलं.

याच्या उलट, हिंदी चित्रपटातली मराठी कामवाली. चाळीस वर्षं तेच ते, नऊवारी, तोंडात 'अरे देवा', आणि मराठी शब्द आला की सगळे च-ज एकाच साच्यातले. चार आण्यांतला च वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला च वेगळा. 'जग' म्हणजे दुनियेतला ज वेगळा आणि 'सुखाने जग' यातला वेगळा. 'ळ'चा तर 'ल'च होतो. आपल्याच देशातलं हे. इथे समुद्र ओलांडून जायची गरज नाही. एखाद्या मराठी घरात चार दिवस बसून ऐकलं तरी पुरे.

रातराणी

उंबरठाशी सहमत. बाहेरच्याला फरक कळत नाही, घरच्याला एका शब्दात कळतो. 'नार्कोस' मालिकेत कोलंबियाचा अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबार केला वाग्नर मौरा या ब्राझिलियन नटाने. तो पोर्तुगीज भाषिक. भूमिकेसाठी कोलंबियातल्या मेडेयीनला जाऊन स्पॅनिश शिकला. खाली इंग्रजी अक्षरं वाचणाऱ्या आपल्याला तो अस्सल कोलंबियन वाटला. कोलंबियाच्या लोकांनी मात्र त्याचे उच्चार लगेच पकडले.

आणि 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' (२००९) बघितला नसेल तर जरूर बघा. तळघरातल्या गुत्त्यात जर्मन गणवेशातला इंग्रज हेर बसलेला असतो. त्याचं जर्मन चांगलं आहे, पण लहेजा कुठला ते शेजारच्या अधिकाऱ्याला कळत नाही आणि तिथून संशय सुरू होतो. तो हेर करणारा मायकल फासबेंडर जन्माने जर्मनीतला, जर्मन उत्तम बोलणारा. जर्मन येणाऱ्या माणसाने 'जर्मन चांगलं येणारा पण जर्मन नसलेला' माणूस करायचा! इतका बारीक पीळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ध्वनिवेडा

आता नवा प्रश्न. 'द ब्रूटलिस्ट'मध्ये एड्रियन ब्रोडी हंगेरियन वास्तुविशारद झाला आहे. ब्रोडीची आई हंगेरीत जन्मलेली, १९५६च्या उठावानंतर देश सोडून आलेली, त्यामुळे तो लहेजा त्याने घरात ऐकलेला. तरी चित्रपटातल्या हंगेरियन संवादांतले काही स्वर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दुरुस्त केले. ही गोष्ट २०२५च्या जानेवारीत संकलकानेच सांगितली. तो स्वतः हंगेरियन, त्याने आपल्या आवाजाचे नमुनेही त्यात वापरले. त्यावर मोठा गदारोळ झाला. दिग्दर्शकाने खुलासा केला की इंग्रजी संवादांना हात लावलेला नाही. दोन महिन्यांत ब्रोडीला ऑस्करही मिळालं. तुम्हाला काय वाटतं?

आजोळ

मला यात काही गैर दिसत नाही. पात्र हंगेरियन बोलतं तेव्हा ती त्याची मातृभाषा. तिथे अडखळणं खोटं ठरेल. ते दुरुस्त केलं, आणि इंग्रजी, जिथे तो परका आहे, तिथे नटाचंच राहू दिलं. वर तिसरी घंटा जे मान्य करून गेले, तेच झालं ना?

मेपलचं पान

तत्त्व बरोबर आहे, पण मला धास्ती वाटते. आज यंत्राने हंगेरियन स्वर सुधारले. उद्या कुणी माझा आवाज घेऊन, मला न विचारता, 'अजून थोडा भारतीय' करेल. तेव्हा मला नाही म्हणायलाही कुणी समोर नसेल.

तिसरी घंटा

मेपलचं पान, ही धास्ती मलाही वाटते. नटाचा आवाज त्याला विचारल्याशिवाय बदलू नये, तसं कलमच करारात हवं. यावर मी हट्टी आहे.

धागा इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं. एक बातमी सांगतो. यंदा आमच्या संघाच्या नाटकात पुन्हा एक इंग्रज अधिकारी आहे. भूमिका एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडे आहे आणि बसवतोय मी. पहिल्याच दिवशी तो 'टुम' करत आला. कुठून शिकला कोण जाणे, माझं नाटक झालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

ध्वनिवेडांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. मग आठवडाभर संहिता बाजूला ठेवली. रोज अर्धा तास जीभ फक्त हिरडीवर ठेवून बोलायचं, त-ट दोन्ही तिथूनच, सवय होईपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, आता त्याच जिभेने जमेल तितकं शुद्ध मराठी बोल. चुकायचं नाही. हा अधिकारी तीन वर्षं मुन्शीकडे मराठी शिकलाय आणि त्याला तिचा अभिमान आहे.

काल तालमीत एक प्रसंग उभा करत होतो. गावकरी तक्रार घेऊन आलेत, तो त्यांचं ऐकून घेतो. मुलगा 'तहसीलदार' या शब्दापाशी आला आणि थांबला. मला विंगेतून दिसलं, जीभ दातांकडे गेली. 'तहसीलदार' स्वच्छ आला. पुढच्याच वाक्यात त्याला म्हणायचं होतं, 'उद्याच्या टपालाने पत्र जाईल.'

तो म्हणाला, 'उद्याच्या तपालाने.'

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. समोर बसलेली, गावकरी झालेली पोरं हसली नाहीत. एकाने मान डोलावली आणि आपलं वाक्य म्हटलं, 'होय साहेब.'